सगळ्यांवर एकच छप्पर

शून्य ते एक एवढ्या पट्टीवर एक आयत उभा करा. रुंदी १, उंची १. पुढच्या पायरीला रुंदी निम्मी आणि उंची दुप्पट. त्याच्या पुढच्या पायरीला रुंदी एक तृतीयांश, उंची तिप्पट. आयत डावीकडे शून्याला चिकटून उभा आहे, फक्त त्याच्या दोन्ही टोकांचे बिंदू त्यात धरायचे नाहीत. म-व्या पायरीला पाया १/म आणि उंची म, म्हणजे क्षेत्रफळ दर वेळी नेमकं १. आता पट्टीवरचा कुठलाही एक बिंदू धरून बसा, समजा ०.०१. पहिल्या ९९ पायऱ्या तो आयताच्या पोटात आहे आणि त्याच्या डोक्यावरची उंची १, २, ३ करत ९९ पर्यंत चढते. शंभराव्या पायरीला आयत त्याला सोडून डावीकडे सरकतो, आणि तिथून पुढे कायमचं शून्य. ०.००१ धरलात तर ९९९ पायऱ्या चढ, मग शून्य. कुठलाही बिंदू घ्या, आज ना उद्या तो आयताबाहेर पडतोच. म्हणजे या फंक्शनांची लिमिट सगळीकडे शून्य, आणि त्या लिमिटचं क्षेत्रफळही शून्य. क्षेत्रफळांची लिमिट मात्र १, १, १ अशीच चालत राहून १.

एवढं एक युनिट क्षेत्रफळ गेलं कुठे?

लिमिट आणि इंटिग्रल (म्हणजे फंक्शनखालचं क्षेत्रफळ) यांची अदलाबदल कधी चालते, हा प्रश्न पुस्तकात सहसा प्रमेयाच्या विधानापासून सुरू होतो. माझ्या मते तो या हरवलेल्या क्षेत्रफळापासून सुरू व्हायला हवा. फ्रेंच गणितज्ञ आन्री लेबेगचं ‘डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स थिअरम’, ज्याला वर्गात सगळे नुसतं डीसीटी म्हणतात, ते खरं तर गळती बंद करण्याचं प्रमेय आहे. गळतीच्या वाटा कळल्या की त्यातली प्रत्येक अट का आहे ते आपोआप दिसतं.

वाटा तीन. पहिली वर पाहिली ती, उंचीतून निसटणं. दुसरी आडवी. एक रुंद, एक उंच असा आयत म आणि म+१ यांच्यामध्ये ठेवा आणि म वाढवत जा. आयत तसाच्या तसा आहे, पण उजवीकडे चालत चालत नजरेआड जातो. तुम्ही जिथे उभे असाल तिथून तो केव्हाच पुढे गेलेला असतो. तिसरी वाट जरा लबाड आहे. पाया ० ते म, उंची १/म. कणकेचा गोळा तेवढाच, पोळी मात्र लाटून लाटून पातळ होत चाललेली. क्षेत्रफळ १ कायम, जाडी शून्याकडे.

लबाड अशासाठी, की या तिसऱ्या उदाहरणात एकसमान अभिसरण आहे. जास्तीत जास्त उंचीच १/म असल्याने सगळे बिंदू एकाच वेगानं शून्याकडे जातात. ‘एकसमान असेल तर अदलाबदल चालते’ हे वाक्य पाठ करून आलेला विद्यार्थी इथे हमखास घसरतो. ते वाक्य मर्यादित लांबीच्या पट्टीवर खरं आहे, कारण तिथे चूक फार तर ‘उंचीतला फरक गुणिले लांबी’ एवढी होते. लांबीच अनंत असेल तर त्या गुणाकाराला अर्थ उरत नाही.

आता विधान. फंक्शनांचा एक क्रम आहे आणि जवळजवळ प्रत्येक बिंदूवर तो लिमिटकडे जातो. ‘जवळजवळ’ म्हणजे ज्या बिंदूंवर हे होत नाही त्यांची एकूण लांबी शून्य. शिवाय असं एक फंक्शन आहे की क्रमातल्या प्रत्येकाची निरपेक्ष किंमत त्याच्या खालीच राहते, आणि या वरच्या फंक्शनचं स्वतःचं क्षेत्रफळ सांत आहे, म्हणजे अनंत नाही. एवढं असेल तर लिमिट आत घ्या, बाहेर घ्या, उत्तर एकच. या वरच्या फंक्शनला मी छप्पर म्हणतो. त्याच्या दोन अटी डोळ्यात तेल घालून पाहायच्या: ते सगळ्यांना मिळून एकच हवं, म्हणजे त्याच्या सूत्रात म दिसता कामा नये, आणि त्याच्याखालची जागा सांत हवी.

आपल्या पहिल्या आयतांना असं छप्पर का मिळत नाही, ते हातानं मोजून पाहण्यासारखं आहे. सगळ्यात बुटकं छप्पर म्हणजे प्रत्येक बिंदूवर सगळ्या आयतांतली कमाल उंची. १/२ आणि १ यांच्यामधल्या बिंदूवर फक्त पहिला आयत येतो, कमाल उंची १. १/३ आणि १/२ यांच्यामध्ये पहिले दोन, कमाल २. सर्वसाधारणपणे १/(म+१) ते १/म या पट्टीवर कमाल उंची म. त्या पट्टीची रुंदी १/म वजा १/(म+१), म्हणजे १ भागिले म(म+१). उंचीनं गुणा, क्षेत्रफळ आलं १/(म+१). सगळ्या पट्ट्यांची बेरीज १/२ + १/३ + १/४ आणि पुढे न संपणारी. हीच ती हरात्मक श्रेढी. सगळ्यात बुटक्या छपराचंच क्षेत्रफळ अनंत, तर दुसरं कुठलं शोधणार?

ही श्रेढी फार सावकाश वाढते. १ पासून हजार पदांची बेरीज साडेसातच्याही किंचित आत, दहा लाख पदांची सुमारे १४.३९. बेरीज १० च्या पुढे न्यायला १२,३६७ पदं लागतात. म्हणून संगणकावर आकडे टाकून ‘छप्पर सांत दिसतंय’ असं वाटणं अगदी सोपं. आणि गंमत म्हणजे पोळीच्या उदाहरणातही तीच येऊन बसते: क-१ ते क या तुकड्यावर पोहोचणारा पहिला आयत क-वा, त्याची उंची १/क, म्हणून छपराचं क्षेत्रफळ १ + १/२ + १/३ असंच. फक्त चालत जाणाऱ्या आयताचं छप्पर सरळसरळ १ + १ + १ आहे, तिथे शंकेला जागाच नाही.

पहिल्या आयताची उंची म ऐवजी √म करा. पट्टीचं क्षेत्रफळ आता √म भागिले म(म+१), आणि ही बेरीज सांत. मोजत बसायचीही गरज नाही, १/√क्ष हे छप्पर सगळ्यांना पुरतं आणि शून्य ते एक त्याचं क्षेत्रफळ २. शून्यापाशी छप्पर अनंत उंच असलं तरी चालतं, खालची जागा सांत असली की झालं. नवख्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, कारण ‘मर्यादित’ आणि ‘सांत क्षेत्रफळाचं’ हे दोन शब्द डोक्यात एकमेकांत मिसळलेले असतात.

जर्मन गणितज्ञ रीमाननं १८५४ साली इंटिग्रलची जी व्याख्या मांडली तीत आडवा अक्ष कापून उभ्या पट्ट्या करतात. त्या व्याख्येतही अशा प्रकारचं प्रमेय आहे. आर्झेला या इटालियन गणितज्ञानं १८८५ मध्ये दाखवलं की सगळी फंक्शनं एकाच आकड्याखाली असतील तर मर्यादित पट्टीवर अदलाबदल चालते. पण लिमिटला मिळालेलं फंक्शन रीमानच्या अर्थानं इंटिग्रेबल आहे, हे त्यात आधीच गृहीत धरावं लागतं. ही अट नुसती औपचारिक नाही. शून्य ते एक मधले सगळे परिमेय आकडे एका यादीत लावा. म-वं फंक्शन यादीतल्या पहिल्या म आकड्यांवर १, बाकी सगळीकडे ०. प्रत्येकाचं इंटिग्रल शून्य. लिमिटला येणारं फंक्शन सगळ्या परिमेयांवर १ आणि अपरिमेयांवर ०, आणि रीमानच्या पट्ट्या तिथे हात टेकतात. पट्टी कितीही अरुंद करा, तिच्यात दोन्ही प्रकारचे आकडे आहेतच, त्यामुळे वरची बेरीज १ आणि खालची ०.

लेबेगनं उभा अक्ष कापला. १९०१ मध्ये एका छोट्या टिपणात आणि १९०२ मध्ये प्रबंधात त्यानं ही मांडणी दिली. तिची तुलना त्यानं स्वतःच पैसे मोजण्याशी केली आहे. खिशातून नाणी निघतील त्या क्रमानं बेरीज करत गेलं की रीमान. सगळी काढून, एकाच किमतीची एकत्र लावून, किती कितीची ते मोजलं की लेबेग. रात्री गल्ला मोजणारा कुठलाही दुकानदार पाचशेच्या, शंभराच्या, दहाच्या गड्ड्या आधी वेगळ्या करतो, तेच हे. परिमेयांच्या उदाहरणात किमती दोनच: १ आणि ०. किंमत १ असणाऱ्या बिंदूंची एकूण लांबी किती? यादीतल्या पहिल्या आकड्यावर हव्या तेवढ्या छोट्या लांबीचं झाकण ठेवा, दुसऱ्यावर त्याच्या निम्म्याचं, तिसऱ्यावर त्याच्याही निम्म्याचं. सगळी झाकणं मिळून पहिल्याच्या दुपटीहून जास्त लांबी व्यापत नाहीत, आणि पहिलं आपण वाटेल तेवढं छोटं घेऊ शकतो. म्हणून लांबी शून्य, इंटिग्रल शून्य, तक्रार मिटली.

सिद्धतेचा गाभा मात्र दुसऱ्याच माणसाकडून येतो. पिएर फातू पॅरिसच्या वेधशाळेत नोकरी करणारा खगोलशास्त्रज्ञ होता. १९०६ च्या त्याच्या लेखातलं एक छोटं साहाय्यक प्रमेय आज त्याच्या नावानं ओळखलं जातं: फंक्शनं ऋण नसतील, तर लिमिटचं क्षेत्रफळ हे क्षेत्रफळांच्या खालच्या लिमिटपेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे गळती होऊ शकते, भर पडू शकत नाही. नळ एकाच दिशेनं गळतो.

डीसीटीची युक्ती अशी की फातूचं प्रमेय दोनदा लावायचं. एकदा फंक्शनांना, एकदा छप्पर आणि फंक्शन यांच्यामधल्या पोकळीला. पोकळीही ऋण नसते, कारण फंक्शनं छपराखाली आहेत. पहिल्या वेळी कळतं की फंक्शनांचं क्षेत्रफळ वाढणार नाही. दुसऱ्या वेळी कळतं की पोकळीचं क्षेत्रफळ वाढणार नाही. आणि पोकळी वाढत नसेल तर फंक्शन आकसणार कसं? दोन्हींची बेरीज तर छपराएवढी ठरलेली. दोन्ही बाजूंनी दार बंद. (फंक्शनं ऋणही होत असतील तर पहिल्या वेळी त्यांच्यात छप्पर मिळवून घ्यायचं, बाकी सगळं तेच.) छपराचं क्षेत्रफळ सांत लागतं ते नेमकं इथे. दुसऱ्या असमानतेत दोन्हीकडे छपराचं क्षेत्रफळ येतं आणि ते वजा करून टाकायचं असतं. ते अनंत असेल तर अनंतातून अनंत वजा करायची वेळ येते आणि त्याला काहीच अर्थ नसतो. सिद्धता वाचताना या ओळीवर बोट ठेवून थांबलं नाही, तर अट पाठ होते पण कळत नाही.

आता रोजचं काम, म्हणजे छप्पर शोधणं. बिंदू क्ष स्थिर धरायचा आणि म बदलत कमाल किंमत काढायची. शून्य ते एक या पट्टीवर म·क्ष गुणिले ई चा उणे म·क्ष वा घात, हे फंक्शन घ्या (ई म्हणजे सुमारे २.७१८ हा आकडा). म·क्ष ला य म्हणा. मग नुसतं य गुणिले ई चा उणे य वा घात उरतं, त्याची कमाल किंमत य = १ ला, १/ई म्हणजे सुमारे ०.३६८. झालं छप्पर, सपाट स्लॅबच. इथे एकसमान अभिसरण नाही, कारण प्रत्येक फंक्शनचा उंचवटा १/म पाशी तेवढ्याच उंचीचा राहतो. तरी इंटिग्रल शून्याकडे जातं आणि डीसीटी ते एका ओळीत सांगतं. आता पुढचा म चा वर्ग करा: म²·क्ष गुणिले तोच घात. तीच युक्ती केली की १/क्ष गुणिले य²·(ई चा उणे य वा घात) मिळतं, कमाल य = २ ला, म्हणजे छप्पर सुमारे ०.५४१ भागिले क्ष. आणि १/क्ष चं शून्यापाशी क्षेत्रफळ अनंत. इंटिग्रलची लिमिट प्रत्यक्षात १ येते, शून्य नाही. एका म चा फरक, पण तोच घात करतो.

१/क्ष हा उंबरठा आहे, हे मनात पक्कं असलेलं बरं. शून्यापाशी छेदातल्या क्ष चा घात १ पेक्षा कमी हवा, अनंताकडे १ पेक्षा जास्त हवा. १/क्ष दोन्हीकडे नापास. म्हणून अर्ध्या अक्षावरची छपरं बहुतेक दोन तुकड्यांची असतात: शून्य ते एक १/√क्ष, पुढे १/क्ष². क्षेत्रफळ २ अधिक १. एकाच सूत्रात सगळं बसवायचा हट्ट धरणाऱ्यांचा वेळ फुकट जातो.

चक्रवाढ व्याजातलं सूत्र सगळ्यांच्या ओळखीचं असतं. १ अधिक क्ष/म, त्याचा म वा घात, हा ई च्या क्ष व्या घाताकडे जातो. त्यावरची दोन इंटिग्रलं शेजारी ठेवा. एक: १ वजा क्ष/म चा म वा घात, शून्य ते म. दुसरं: १ अधिक क्ष/म चा उणे म वा घात, शून्य ते अनंत. दोन्हींची लिमिट ई चा उणे क्ष वा घात, त्याचं क्षेत्रफळ १. पहिल्यात इंटिग्रलची वरची मर्यादाच हलतेय, तर म च्या पुढे फंक्शन शून्य धरायचं आणि सगळं शून्य ते अनंत या एकाच मैदानावर आणायचं. ही पायरी न लिहिता डीसीटी लावणं ही पेपरातली नेहमीची चूक. छप्पर ई चा उणे क्ष वा घात हेच, कारण १ वजा क्ष/म हे ई च्या उणे क्ष/म व्या घाताहून मोठं कधीच नसतं. प्रत्यक्ष उत्तर म/(म+१): दहाव्या पायरीला ०.९०९, शंभराव्याला ०.९९०. दुसऱ्यात फंक्शनं वरून खाली उतरतात. पहिल्याच पायरीला १/(१+क्ष), क्षेत्रफळ अनंत! घाबरायचं कारण नाही. लिमिटला सुरुवातीच्या चार-दोन पदांशी देणंघेणं नसतं. म = २ पासून सुरू करा, दुसरं फंक्शन स्वतःच बाकीच्यांचं छप्पर आहे, क्षेत्रफळ २. उत्तर म/(म-१): दहाव्या पायरीला १.१११. एक खालून येतं, एक वरून येतं.

हाच विचार पाय/४ (म्हणजे π/४) = १ - १/३ + १/५ - १/७ या श्रेढीला लावला तर फार सुंदर बसतो. चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या माधवाच्या नावानं ती केरळच्या परंपरेत ओळखली जाते, आणि ज्येष्ठदेवाच्या मल्याळममधल्या ‘युक्तिभाषा’ या ग्रंथात तिची उपपत्ती आहे. आजच्या भाषेत ती १ - क्ष² + क्ष⁴ - क्ष⁶ ही श्रेढी शून्य ते एक पदशः इंटिग्रेट करून मिळते. अडचण १ या टोकाला. तिथे अंशतः बेरजा १, ०, १, ० अशा हेलकावतात, म्हणून एकसमान अभिसरण नाही. प्रत्येक पदाची निरपेक्ष किंमत घेऊन इंटिग्रलांची बेरीज करू म्हटलं तर १ + १/३ + १/५, म्हणजे पुन्हा त्याच हरात्मक श्रेढीची बहीण, अनंत. इथे बरेच जण डीसीटी लागू नाही म्हणून सोडून देतात. पण छप्पर पदांच्या निरपेक्ष बेरजेवर कशाला घालायचं? अंशतः बेरजांवर घाला. चिन्हं आलटून पालटून येत असल्याने प्रत्येक अंशतः बेरीज ० आणि १ यांच्यामध्येच राहते. छप्पर १. हेलकावणारं टोक हा एकच बिंदू, लांबी शून्य. पदशः इंटिग्रेशन मंजूर. (या श्रेढीनं पाय काढायला मात्र बसू नका. हजार पदांनंतरही सुमारे ०.००१ ची चूक राहते. केरळातल्या गणितींनी शेवटी जोडायची दुरुस्तीची पदं शोधली ती याच कारणानं.)

छप्पर असणं पुरेसं आहे, गरजेचं नाही. चालत जाणाऱ्या आयताची उंची १ ऐवजी १/म करा. क्षेत्रफळ १/म, शून्याकडे जातं, लिमिटही शून्य, अदलाबदल बिनबोभाट होते. छपराचं क्षेत्रफळ मात्र १ + १/२ + १/३. अशा ठिकाणी जुसेप्पे व्हिटालीचं १९०७ चं प्रमेय कामी येतं. ते एका छपराऐवजी सगळ्या फंक्शनांची गळती मिळून एकदम किती, ते मोजतं. अट जास्त नेमकी आहे, पण तपासायला जड. म्हणून हातात पहिलं येतं ते डीसीटीच.

आणि एक ठिकाण असं की तिथे दोन्हीही चालत नाहीत. साइन क्ष भागिले क्ष, शून्य ते अनंत. नेहमीची वाट अशी: आत ई चा उणे ट·क्ष वा घात गुणून घ्यायचा आणि ट च्या सापेक्ष डेरिव्हेटिव्ह आत न्यायचा. त्यासाठी डेरिव्हेटिव्हवर छप्पर लागतं, आणि तेही ट च्या आसपासच्या सगळ्या किमतींना पुरणारं. ट हा ०.१ च्या वर ठेवला तर ई चा उणे ०.१·क्ष वा घात पुरतो. ट च्या सगळ्या धन किमतींना एकच छप्पर मागू नका, मिळणार नाही आणि लागतही नाही. डेरिव्हेटिव्ह येतो उणे १/(१+ट²), म्हणून इंटिग्रल पाय/२ वजा ट चा व्यस्त टॅन्जन्ट. आता ट शून्याकडे न्यायचा आणि पाय/२ लिहून मोकळं व्हायचं, असं वाटतं. पण ही शेवटची उडी डीसीटीनं मारता येत नाही. साइन क्ष भागिले क्ष चा क-वा उंचवटा निरपेक्ष किमतीत किमान २ भागिले (क·पाय) एवढं क्षेत्रफळ घेतो. बेरीज केली की पुन्हा तीच. इथे इंटिग्रल सांत येतं ते धन आणि ऋण उंचवटे एकमेकांना खातात म्हणून, आणि छपराला तर चिन्हच दिसत नाही.

मग अक्ष कापायचा. शून्य ते अ या तुकड्यावर १ हे छप्पर पुरतं, तिथे डीसीटी निर्धास्त लावा. अ च्या पुढे साइनला गुणणारा भाग सतत उतरता आहे आणि साइनचं कुठल्याही तुकड्यावरचं इंटिग्रल निरपेक्ष किमतीत २ च्या पुढे जात नाही. म्हणून शेपटी २/अ च्या आत राहते, ट काहीही असो, शून्य असला तरीही. अ = २०० घेतला तर ०.०१ च्या आत, २००० घेतला तर ०.००१ च्या. आधी अ ठरवायचा, मग ट शून्याकडे न्यायचा, हा क्रम उलटा करायचा नाही. तेव्हा कुठे पाय/२ लिहिता येतं, १.५७०८.